पाऊण डॉलरचा हिशेब

सायबर गुन्हे आणि दहशतवाद या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यावा का, असे हल्ली विज्ञान शाखेचे विद्यार्थी विचारतात. अशांना मी माहितीपत्रक चाळण्याआधी एक जुने पुस्तक वाचायला सांगतो. क्लिफर्ड स्टोल यांचे 'द ककूज एग' १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यातील यंत्रे आता संग्रहालयात शोभतील. शोध घेण्याची रीत मात्र आजही उपयोगी आहे.

स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ साली ते कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक सांभाळण्याच्या कामावर नुकतेच रुजू झाले होते. संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची, म्हणजे पाऊण डॉलरची तफावत निघाली. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. स्टोल यांनी तिचा पाठपुरावा केला, तेव्हा कळले की कोणी परका माणूस या संगणकात शिरून तेथून लष्करी संगणकांची दारे ठोठावत आहे. सुमारे ४५० संगणकांवर त्याने प्रयत्न केले आणि ३० हून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला. त्यासाठी फार मोठी हुशारी लागली नाही. कित्येक ठिकाणी यंत्रासोबत आलेले परवलीचे शब्दच कोणी बदलले नव्हते!

शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा भाग म्हणजे अंतराचे गणित. घुसखोर किती दूर असेल? संदेश जाऊन त्याची पोच यायला सुमारे ३ सेकंद लागत होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ९ लाख, आणि एका बाजूचे साडेचार लाख किलोमीटर. चंद्र तर सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे! उत्तर हास्यास्पद आहे, पण ते का चुकले हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. वाटेतल्या प्रत्येक यंत्रात संदेश थोडा रेंगाळतो, हे आपण धरलेलेच नाही. ठाऊक असलेल्या ठिकाणांशी तुलना केल्यावर अंतर काही हजार मैलांवर आले. अखेर माग लागला तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात. चोरलेली माहिती सोव्हिएत संघाच्या केजीबीला विकली जात होती.

पुस्तकात दोषही आहेत. घरगुती प्रसंगांनी ते अकारण लांबले आहे. बिस्किटांची कृतीसुद्धा त्यात सापडते! ते एक वेळ चालेल. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. माग काढता यावा म्हणून स्टोल यांनी घुसखोराला कित्येक महिने मोकळे सोडले. ज्यांचे संगणक उघडे पडत, त्यांना ते कळवीत हे खरे. तरीही आपल्या तपासासाठी दुसऱ्याला धोक्यात ठेवावे का, हा प्रश्न पाठलागाच्या भरात मागे पडतो. पदव्युत्तर वर्गात त्यावर एक अख्खी तासिका खर्च व्हायला हवी.

तिसरी उणीव काळाची आहे. न्यायालयाचा निकाल पुस्तकानंतर, १९९० मध्ये लागला. तिघे हेरगिरीबद्दल दोषी ठरले आणि त्यांची कैद निलंबित राहिली. या कृत्याने कोणाचा जीव गेला नाही, जनतेत दहशत पसरली नाही. म्हणजे ही हेरगिरी होती, दहशतवाद नव्हे, असे आपण सहज म्हणू. पण आपला कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ एफ आले. देशाच्या सुरक्षेसाठी मर्यादित ठेवलेली माहिती जाणूनबुजून, अनधिकृतपणे संगणकात शिरून मिळवली आणि तिच्यामुळे देशहिताला बाध येईल असे मानण्यास कारण असले, तर तोही सायबर दहशतवाद ठरतो. शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकते. हॅनोव्हरसारखे कृत्य इथे घडले, तर त्याला हे नाव लागू शकते.

कायदा कडक असावा की नाही, हा वेगळा वाद आहे. माझी हरकत दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द लावण्याला आहे. रुग्णालयाची वीज तोडणारा आणि कागद चोरणारा यांचे हेतू, साधने व परिणाम वेगळे असतात. ज्याच्या अहवालावर एखाद्याची जन्मठेप अवलंबून राहील, त्या तज्ज्ञाला हा फरक पुराव्यानिशी मांडता आला पाहिजे. नुसती कलमे पाठ करून ते जमणार नाही, आणि नुसती संगणकाची आज्ञावली शिकूनही नाही.

स्टोल यांनी घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर छापून घेतली, तारीख-वेळेसह नोंदवही ठेवली. एवढ्या किरकोळ नुकसानीत एफबीआयला सुरुवातीला रस नव्हता, तेव्हाही ती वही चालू होती. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम निवडताना तेथे अशी वही ठेवायला शिकवतात का, हे आधी विचारावे. आणि शाळेत प्रयोगवही तपासताना, न जुळणारा आकडा खोडून 'बरोबर' उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण थांबवून विचारावे, 'तुझा पहिला आकडा कुठे आहे?'