भयपट आणि कामाची वांटणी

पावसाळा लागला कीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे जथे कॅमेरा घेऊन लोणावळ्यास येतात आणि भुताचें चित्र काढूं लागतात. असे कांहीं लघुपट आमच्या विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्हीं नुकतेच पाहिले. त्यांत धुकें आहे, पडका बंगला आहे, मोकळ्या केसांची स्त्रीहि आहे. नाहीं तें फक्त भय. असें कां व्हावें?

आमच्या मतें दोष कल्पनेचा नसून कामाच्या वांटणीचा आहे. जथ्यांतील प्रत्येकास दिग्दर्शक व्हावयाचें असतें. ध्वनीकडे पाहण्यास कोणी उरत नाहीं. वस्तुतः भय डोळ्यांपेक्षां कानांवाटें अधिक शिरतें. भाजें येथील लेण्यांत पावसाळ्याच्या दिवसांत ज्यानें पाणी ठिबकतांना ऐकलें असेल, त्यास हें निराळें सांगावयास नको.

ज्यांचें नांव ऐकतांच सुशिक्षित रसिक नाक मुरडतात, त्या रामसे बंधूंकडे या बाबतींत पाहावें. १९७२ सालचा त्यांचा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरीं चित्रित झाला. वडील एफ. यू. रामसे निर्माते, कुमार लेखनास, तुलसी व श्याम दिग्दर्शनास, गंगू कॅमेऱ्यास, तर किरण ध्वनीस. कथा ठोकळेबाज आहे, अभिनय भडक आहे. अभिरुचीच्या कसोटीस हें चित्र उतरत नाहीं, असेंच आम्हीं म्हणूं. तथापि पुरलेलें प्रेत उठतें तेव्हां प्रेक्षक दचकतो, कारण प्रत्येक भावानें आपलें काम आपलें म्हणून केलें आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) अभिरुचीनें याच्या अगदीं दुसऱ्या टोकास आहे. परंतु खऱ्या पावसासाठीं अनेक पावसाळे वाट पाहण्याचा संयम तेथेंहि एकट्यादुकट्याचा नव्हे.

मावळचा पाऊस मात्र रंगभूमीवरचा पाऊस नव्हे. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणानजीकच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. ते चित्र काढावयास गेले नव्हते. पण पाणी असा भेद करीत नाहीं. ज्या मुलीनें भुताचा मुखवटा चढविला आहे, तिला पायांखालचें कांहीं दिसत नाहीं. शेवाळलेल्या पायरीवर तिचा हात धरणारा कोणी असेल, तरच ती निःशंकपणें भूत होऊं शकेल. आमच्या पाहण्यांतील लघुपटांत नटी अंग चोरून, जपून पाऊल टाकतांना दिसली. तें भय कथेंतलें नव्हतें, तिचें स्वतःचें होतें. आणि म्हणूनच तें आमच्यापर्यंत पोंचलें नाहीं.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणाचा मुलगा अथवा मुलगी असें चित्र काढावयास निघाली, तर त्यांस अडवूं नये. ‘दिग्दर्शक कोण?’ हें विचारण्याचीहि गरज नाहीं. ‘थांबा, असें म्हणण्याचा अधिकार कोणास दिला आहे, आणि तो बोलला तर तुम्हीं ऐकणार काय?’ एवढें मात्र अवश्य विचारावें.