मुक्त मजकूर, पण कोणत्या अटींवर?

एका ग्रंथाचे लेखक हजारो असले तर त्याचा मालक कोण? कायद्याचे उत्तर सरळ आहे: ज्याने जे लिहिले ते त्याचे. म्हणूनच अनेकांनी मिळून लिहावयाच्या मजकुराला आरंभीच परवाना लावावा लागतो. त्यात लेखक स्वामित्वहक्क सोडत नाही. नक्कल, बदल आणि वाटप करण्याची मुभा तो काही अटींवर सर्वांना आगाऊ देऊन ठेवतो.

२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ‘जीएनयू मुक्त दस्तऐवज परवाना’ स्वीकारला. तो फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००० साली संगणक-प्रणालींच्या छापील पुस्तिकांसाठी रचला होता, आणि तेथेच सारी अडचण आहे. प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा संपूर्ण मजकूर द्यावा, अशी त्याची अट. तीनशे पानांच्या पुस्तिकेला हे जड नाही. पण एखाद्या शिक्षकाने ‘प्रकाशसंश्लेषण’ या नोंदीचे एक पान वर्गासाठी छापले, तर त्याला कायद्याची कित्येक पाने जोडावी लागणार! शिवाय लेखकाला काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ ठरवता येतात. ती मुख्य विषयाबाहेरची असावी लागतात हे खरे, पण जे वगळताही येत नाही त्याला मुक्त कसे म्हणावे? डेबियन प्रकल्पाने २००६ साली मतदान घेऊन अशी प्रकरणे असलेले दस्तऐवज मुक्त मानण्यास नकार दिला. तो निर्णय मला योग्य वाटतो.

याहून मोठा दोष दुसरा. २००२ साली क्रिएटिव्ह कॉमन्सचे सुटसुटीत परवाने आले. त्यांतील ‘श्रेयनिर्देश, समान वाटप’ या परवान्याचा हेतू तोच: बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी. पण दोन्ही परवाने ‘माझ्याच खाली’ म्हणू लागले, की त्यांचे मजकूर एकत्र करता येत नाहीत. मुक्त ज्ञानाच्या दोन विहिरी, आणि मध्ये भिंत!

सर्व लेखकांची नव्याने संमती मिळवणे अशक्यच होते. वाट निघाली ती ‘किंवा यापुढील कोणतीही आवृत्ती’ या शब्दांतून. नोव्हेंबर २००८ च्या १.३ आवृत्तीने अशा सामूहिक संकेतस्थळांना १ ऑगस्ट २००९ पर्यंत परवाना बदलण्याची सवलत दिली, आणि सदस्यांच्या मतदानानंतर जून २००९ मध्ये विकिपीडियाने तो बदलला.

आपल्याकडे शिक्षकगट मिळून स्वाध्यायपुस्तिका लिहितात आणि सवयीने ‘व्यापारी वापरास मनाई’ अशी ओळ घालतात. तिने नफेखोर प्रकाशक अडेल. पण ना नफा तत्त्वावर छपाईचा खर्च वसूल करणारी संस्थाही संभ्रमात पडेल, आणि विकिपीडियातील उतारा त्या पुस्तिकेत मिसळता येणार नाही. लेखक पाच असतानाच हे ठरवावे. पन्नास झाल्यावर प्रत्येकाचा पत्ता शोधावा लागतो.