नदी नसलेले डोंगर

१९८० साली सिएटलच्या संगणक-चित्रकला परिषदेत लॉरेन कार्पेंटर यांनी ‘व्होल लिब्र’ ही दोन मिनिटांची फिल्म दाखवली. विमानातून दिसावेत तसे डोंगर, आणि त्यांतला एकही पृथ्वीवर नव्हता. कृती साधी होती. एक त्रिकोण घ्यायचा, त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू यादृच्छिक आकड्याने वरखाली सरकवायचे. मग तयार झालेल्या लहान त्रिकोणांवर पुन्हा तेच, फक्त सरकवण्याचे माप दर खेपेस कमी. मागे आधार बेन्वा मांडेलब्रोट यांच्या फ्रॅक्टल भूमितीचा: दगडाचा खडबडीतपणा आणि डोंगराचा खडबडीतपणा एकाच जातीचा. १९९१ मध्ये कार्ल सिम्स यांनी चित्रांना उत्क्रांतीची रीत लावली. संगणक नमुने मांडतो, माणूस आवडलेले निवडतो, त्यांच्या सूत्रांचा संकर होऊन पुढची पिढी निघते. याच रीतीने पुढे भूदृश्येही घडवली गेली.

या डोंगरांबद्दल माझा जुना आक्षेप आहे. असा शुद्ध फ्रॅक्टल डोंगर उलटा करा, फरक कळत नाही; दऱ्या शिखरांसारख्याच दिसतात. खरी जमीन उलटी केली की लगेच ओळखू येते, कारण तिला पाण्याने कापलेले असते. ओढा ओढ्याला मिळतो, कधी वर चढत नाही. यादृच्छिक आकड्याला हे ठाऊक नाही, म्हणून त्याच्या दऱ्यांत ठिकठिकाणी बंद खड्डे उरतात. केन मस्ग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पाण्याची झीज गणितात आणली ती याच उणिवेपोटी.

सिरोंच्यात बसून हे वाचताना हसू येते. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता झाली, ती इथे गोदावरीला मिळते. खाली सोमनूरला इंद्रावती येते. इथले भूदृश्य म्हणजे नद्याच. पण निवड डोळ्यांवर सोपवली तर हा सपाट, वाळूचा काठ दुसऱ्या पिढीतच बाद होईल. डोळा कॅलेंडरवरचे हिमशिखर निवडतो. त्याला उत्क्रांती म्हणणे मला जड जाते. ती फार तर आवडीची पैदास.

खेळात किंवा सिनेमात यामुळे कुणाचे काही बिघडत नाही. पुराच्या नकाशात बिघडते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेल्या उंच्या आज सर्वांना मिळतात, साधारण ३० मीटरला एक. दाट जंगलात त्या लहरी पुष्कळदा जमिनीपर्यंत न पोचता झाडोऱ्यातूनच परततात. म्हणजे झाडांची उंची काही अंशी जमिनीच्या नावावर चढते. वर, दोन आकड्यांमधली रिकामी जागा फ्रॅक्टलने भरता येते. चित्र खरे वाटते आणि तिथेच फसगत होते. काठाच्या गावात दोन मीटरच्या फरकावर घर बुडायचे की नाही हे ठरते, आणि ते दोन मीटर यादृच्छिक आकड्याने घातलेले असू शकतात.

२०१९ मध्ये मेडीगड्डा बंधारा सुरू झाला. जुलै २०२२ च्या पुरात तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली आणि पाणी फुगण्याला बंधारा किती कारणीभूत, हा वाद पेटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचेच खांब खचले. अशा वादात पडद्यावरच्या देखण्या काठाला पुराव्याचे वजन येते. पाणी कुठवर आले होते ते इथला म्हातारा माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तो हात जमिनीपासून मोजून नकाशात एक बिंदू म्हणून घालायला फक्त टेप लागते.