समजावून सांगण्याचे सौंदर्य : रूझवेल्ट यांचे बँकांवरचे भाषण

काही भाषणे रोमांच उभे करतात, काही मन निवळवतात. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 12 मार्च 1933 च्या रविवारी रात्री रेडिओवरून केलेले भाषण दुसऱ्या जातीचे. विषय बँकांचा, वेळ जेमतेम तेरा-चौदा मिनिटे; तरी लोकशाहीतल्या वक्तृत्वाचा इतका निर्मळ नमुना मला दुसरा माहीत नाही.

प्रसंग बिकट होता. 1929 च्या मंदीनंतर अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या होत्या. उरलेल्या बँकांसमोर पैसे आणि सोने काढून घेणाऱ्यांच्या रांगा लागत होत्या. 4 मार्चला रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, 6 मार्चला त्यांनी देशभरातल्या बँका बंद ठेवल्या, 9 मार्चला काँग्रेसने नवा बँक कायदा एका दिवसात संमत केला. आता सोमवारी दारे उघडणार होती. लोक पैसे भरायला येतील की काढायला, हे कोणताही कायदा ठरवू शकत नव्हता.

रूझवेल्ट सुरुवात करतात ती अगदी पायापासून. तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही. तो रोख्यांत, कर्जांत, गहाणखतांत गुंतवते आणि त्यावर उद्योग-शेती चालते. म्हणून सगळे ठेवीदार एकाच वेळी आले, तर सुदृढ बँकही रोख देऊ शकत नाही. या थोडक्या वाक्यांत त्यांनी घाबरलेल्या माणसाला वेड्यात काढले नाही. त्याच्या भीतीमागची यंत्रणा त्याला उलगडून दाखवली. कारण कळले की भीती निम्मी होते, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

मग येते वेळापत्रक. सोमवारी फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची केंद्रे असलेल्या बारा शहरांतल्या बँका, मंगळवारी आणखी काही शहरांतल्या, पुढे टप्प्याटप्प्याने इतर. तुमची बँक पहिल्या दिवशी उघडली नाही, तर ती बुडाली असे समजू नका, हे ते आधीच सांगून ठेवतात. अफवा जिथून उठेल ती जागा त्यांनी अगोदरच भरून काढली.

भाषणाचा कळस मला त्यांच्या कबुलीत दिसतो. प्रत्येक बँक उघडेल, कुणाचेच नुकसान होणार नाही, असे वचन मी देत नाही, हे ते स्पष्ट सांगतात. काही बँकवाल्यांची नालायकी आणि अप्रामाणिकपणाही झाकत नाहीत. पदरचे आश्वासन वाढवून सांगण्याचा मोह टाळल्यामुळे उरलेल्या प्रत्येक शब्दाला वजन येते. शेवटी ते लोकांकडे धैर्य मागतात आणि हे काम तुमचे-माझे मिळून आहे असे म्हणतात, तेव्हा ते मागणे हक्काचे वाटते.

ही सहजता आयती आलेली नव्हती. हाईड पार्कच्या श्रीमंत घरात 1882 साली जन्मलेल्या रूझवेल्टांचे पाय 1921 साली आजारपणात लुळे पडले. पुढे न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना त्यांनी रेडिओवरून थेट मतदारांशी बोलण्याचा सराव केला. त्यामुळे त्यांचा आवाज सभेला उद्देशून येत नाही. घरात बसलेल्या एकेका माणसाशी तो बोलतो.

परिणाम लगेच दिसला. बँका उघडल्या आणि पैसा परत येऊ लागला. 15 मार्चला न्यूयॉर्कचा शेअर बाजार पुन्हा सुरू झाला, तेव्हा डाऊ जोन्स निर्देशांक 15 टक्क्यांहून अधिक वाढला. जूनमध्ये ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि 1935 साली सामाजिक सुरक्षेचा. शब्दांमागे कायदे उभे राहिले, म्हणून शब्द टिकले.

पण याच रूझवेल्टांच्या 1942 च्या युद्धकाळातल्या आदेशाने जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्या वेळी त्यांनी भीतीला समजावले नाही, तिच्यापुढे मान तुकवली. हा डाग पुसता येत नाही, आणि त्याच्याशेजारी ठेवल्यावर 1933 च्या भाषणाचे मोल अधिकच कळते. राज्यकर्त्याने नागरिकाला समजूतदार मानून सगळे खरे सांगावे, तेही सोप्या भाषेत : सुधारणेची पहिली पायरी हीच, आणि या भाषणात ती चोख बांधलेली आहे.