भाऊबंदकी की यादवी? : पेशवाईतील गृहकलह आणि इंग्रजांचा हस्तक्षेप

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतरच्या नऊ वर्षांच्या संघर्षाला मराठी इतिहासलेखनाने आणि रंगभूमीने बहुधा 'भाऊबंदकी' हेच नाव दिले. कृ. प्र. खाडिलकरांच्या याच नावाच्या 1909 च्या नाटकात रामशास्त्री, राघोबा व आनंदीबाई यांच्यातील नैतिक प्रश्न केंद्रस्थानी येतो. नाट्यदृष्ट्या ते योग्यच आहे. मात्र या शब्दाने राज्याची यादवी वाड्यापुरती, घरापुरती लहान होते. मग परकी हस्तक्षेपाची चर्चा 'इंग्रजांना घरात कोणी आणले?' एवढ्या एकाच प्रश्नावर येऊन थांबते. त्याचे उत्तरही ठरलेले असते : राघोबा. ('काका, मला वाचवा' ऐकवून पर्यटकांना पुढच्या दरवाजाकडे नेणाऱ्या वाटाड्याचेही उत्तर तेच.)

कालक्रम पाहिला तर हे उत्तर अपुरे ठरते. सुरतेचा तह मार्च 1775 मधला. मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो डिसेंबर 1774 मध्ये. तोपर्यंत वसई व साष्टी देण्यास राघोबा राजी नव्हता, आणि तह तर झालेलाच नव्हता. गोव्याचे पोर्तुगीज साष्टी परत घेणार, ही सबब मुंबईकरांनी पुढे केली. म्हणजे आमंत्रण पक्के होण्यापूर्वीच पाहुण्याने ओसरी बळकावली होती. यामुळे राघोबाचा दोष कमी होत नाही. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये जिंकलेली वसई त्यांच्याच पुतण्याने 2,500 सैनिकांच्या मदतीसाठी लिहून दिली. पण दोषाची वाटणी आणि कारणमीमांसा या भिन्न गोष्टी आहेत.

हस्तक्षेपाच्या औचित्यावरचा वाद तेव्हा इंग्रजांतच पेटला होता, याकडे मराठी वाचकाचे लक्ष क्वचितच वेधले जाते. 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार मुंबईकरांना परस्पर युद्ध पुकारण्याचा अधिकार नव्हता. कलकत्त्याच्या कौन्सिलाने सुरतेचा तह नामंजूर केला. त्यांचा वकील कर्नल अप्टन याने 1 मार्च 1776 रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. तरीही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पुढे लंडनच्या संचालकांचे पत्र आले, ते सुरतेच्या तहाला अनुकूल! अधिकाराबद्दल तिघांत मतभेद होते. साष्टीबद्दल मात्र एकमत होते.

बारभाईंचे धोरणही निर्भेळ नव्हते. 1777 मध्ये सें लुबँ या फ्रेंच वकिलाला पुण्यात मान मिळाला, तो इंग्रजांना शह म्हणून. नाना फडणिसांचा हेतू राज्यरक्षणाचा होता हे मान्य करूनही, परक्यावर विसंबण्याची वाट दोन्ही पक्षांना ठाऊक होती, असे म्हणावे लागते. फरक होता तो किमतीत. राघोबाने भूमी दिली, तर नानांनी आशा दाखवली.

जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागती पत्करावी लागली. 1782 च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, राघोबाला दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक झाली आणि साष्टी कायमची गेली. मुंबईकर ज्यासाठी युद्धात उतरले ते त्यांना मिळाले. राघोबाला पेशवाई मिळाली नाही.

1802 मधला प्रसंग याहून बिकट आहे. दुसऱ्या बाजीरावाने 1801 मध्ये विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतरावाने हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या आणि 31 डिसेंबरला राघोबाच्या या मुलाने, वसईतच, तैनाती फौज स्वीकारली. याही तहावर लंडनमध्ये नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष कॅसलरे यांनी शंका उपस्थित केल्या. तह मात्र कायम राहिला, आणि मे 1803 मध्ये बाजीराव इंग्रजी फौजेच्या आश्रयाने पुण्यात परतला.