ख्रिस्तपुराणांतील कृतज्ञता

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बरेंचसें लेखन मराठी भाषेच्या त्या सुप्रसिद्ध स्तुतीपाशींच थांबतें. एका इंग्रज पाद्र्यानें आपल्या भाषेस रत्नाची व मोगऱ्याची उपमा दिली, एवढ्यावर आपण संतुष्ट होतों. आणि सुमारें ११,००० ओव्यांच्या ह्या ग्रंथाचा हेतु श्रोत्याचें अंतःकरण ईश्वराकडे वळविणें हा होता, हें विसरून जातों. तो हेतु कितपत सिद्धीस गेला, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेत आहों.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला व त्याचें बहुतेक आयुष्य साष्टींत गेलें. त्या प्रांतांतील देवळें पोर्तुगीजांनीं पाडलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइट पाद्र्यांस ठार केलें, आणि सरकारनें त्याचा सूड गांवच्या प्रमुखांवर उगविला. अशा भूमींत ज्यांचीं जुनीं पुराणें बंद केलीं गेलीं, त्यांनींच नव्या देवाचे उपकार गावे, ही अपेक्षा होती. नवल असें कीं, कवीनें ही अडचण झांकून ठेविली नाहीं. ग्रंथारंभींच एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूस म्हणतो कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं तशींच दुसरीं कां देत नाहीं? सारा ग्रंथ ह्या प्रश्नाचें उत्तर आहे.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, ही कृतज्ञता सक्तीची होय. तिला भक्ति म्हणणें ही भक्तीची थट्टा आहे. आक्षेप वजनदार आहे, व स्टीफन्सच्या गोडव्यांत तो बुडवून टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. मूर्तिपूजेच्या खंडनाचे प्रसंग येतात तेथें ओवी कोरडी पडते, उपदेशकाचा आवाज चढतो. उलट दुसऱ्या भागांत, ख्रिस्ताच्या जन्मापासून त्याच्या क्लेशांपर्यंतचें चरित्र सांगतांना, तीच ओवी सैल होते, मऊ होते. वैकुंठ, गुरु, मोक्ष हे शब्द तेथें उसने वाटत नाहींत. जित्यांस धाक घालणारा वक्ता मागें पडतो आणि स्वतः उपकृत झालेला मनुष्य बोलूं लागतो. काव्याच्या कसोटीवर आम्ही हा भेद निर्णायक मानतों.

परंतु कवीचें मन वळलें होतें म्हणून श्रोत्यांचेंही वळलें, हें सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं ग्रंथाच्या पुढील इतिहासाकडे पाहिलें पाहिजे. तो रोमन लिपींत १६१६, १६४९ व १६५४ सालीं छापला गेला. (देवनागरी ठसे पाडावे अशी स्टीफन्सची इच्छा होती, ती फळास आली नाहीं.) ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं तर पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषेच्याच मुळावर घाव घालणारा हुकूम काढला. इतकें होऊनही १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांस मंगळुरास आपली आवृत्ति काढतां आली, ती हस्तलिखितांच्या आधारें. छापील ग्रंथ नाहींसा झाला, आणि हातानें उतरलेला राहिला! सत्तेच्या आज्ञेनें ग्रंथ छापतां येतो. पण सत्तेचीच मर्जी फिरल्यावर तो उतरून ठेवणें आवडीवांचून होत नाहीं. श्रोत्यांच्या बाजूची एवढी मोठी साक्ष आमच्या मतें दुसरी नाहीं.

पनवेलीहून पाहतांना ह्या गोष्टीस आणखी एक बाजू दिसते. दक्षिणेस चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतें; खुद्द पनवेलींत १८४९ चें बेथ एल हें बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर आहे. ह्या समाजानें एकोणिसाव्या शतकांत आपल्या धर्मग्रंथांतील कथा मराठी कीर्तनांत आणिल्या. तेथें जुनें काढून घेणारा कोणी नव्हता. म्हणून स्टीफन्सच्या ब्राह्मण श्रोत्याचा प्रश्नही तेथें उद्भवला नाहीं. नारायण वामन टिळकांचेंही असेंच. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो स्वेच्छेनें, घरादाराचा वियोग पतकरून. आणि ख्रिस्ताचे उपकार गातांना ते तुकोबांच्या अभंगाकडे वळले. स्टीफन्सनें ओवी श्रोत्यांसाठीं शिकून घेतली. टिळकांस अभंग शिकावा लागला नाहीं. त्यामुळें टिळकांच्या भक्तींत जी जवळीक आहे ती पुराणांत क्वचितच सांपडते. मात्र पुराणाचा विस्तार टिळकांस साधला नाहीं. १९१९ सालीं त्यांच्या मृत्युसमयीं ख्रिस्तायन अपुरेंच होतें, व पुढें तें लक्ष्मीबाईंनीं तडीस नेलें.

ख्रिस्तपुराण देवनागरींत वाचावयाचें तर शांताराम बंडेलू (१९५६), कारिदाद द्रागो (१९९६) व नेल्सन फलकाव (२००९) यांच्या आवृत्त्या आहेत. लंडनमधील मार्सडेन संग्रहांत जी देवनागरी पोथी आहे, तिची भाषा साल्ढाणांच्या पाठाहून अधिक संस्कृतप्रचुर आहे. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून, आणि शक्य तर मोठ्यानें, वाचावे.