किल्ली चालू ठेवून ओळख कसली तपासता?

मंडळी, मागच्या भागात आपण इथवर आलो होतो की ओळख पटवणं वेगळं आणि अधिकार देणं वेगळं. आज एकच उदाहरण घेऊ आणि जरा कडक नजरेने बघू: मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझुर क्लाउडवरचा कॉसमॉस डीबी.

या डेटाबेसचं खातं उघडलं की किल्ल्या मिळतात. दोन वाचण्या-लिहिण्याच्या, दोन नुसत्या वाचण्याच्या. किल्ली म्हणजे काय, तर एक लांबलचक अक्षरमाला. वाचण्या-लिहिण्याची किल्ली ज्याच्या हाती, त्याला खात्यातला सगळा डेटा मोकळा. तिला मुदत नसते. कोण वापरतंय हेही डेटाबेसला कळत नाही. माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याने कॉपी करून ठेवलेली किल्ली चालूच. जोडी का, तर एक बदलताना काम दुसरीवर चालावं म्हणून. कल्पना चांगलीच आहे, पण बदलायची कोणी, हे काम टीममध्ये प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं.

याची किंमत काय, ते ऑगस्ट २०२१ मध्ये दिसलं. विझ या कंपनीच्या संशोधकांना कॉसमॉस डीबीच्या ज्युपिटर नोटबुक सुविधेत एक भोक सापडलं, आणि त्यातून त्यांना दुसऱ्या ग्राहकांच्या किल्ल्यांपर्यंत पोचता आलं. त्यांनी त्याला ‘केऑस डीबी’ असं नाव दिलं. मायक्रोसॉफ्टने सुविधा लगेच बंद केली, ग्राहकांना किल्ल्या बदलायला सांगितलं, आणि बाहेरच्या कोणी गैरवापर केल्याचा पुरावा नाही असंही कळवलं. ते मान्य. पण ग्राहकाची त्यात काय चूक होती? काहीच नाही. आणि तरी किल्ली बदलण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर आलं.

ओळखीवर आधारलेली पद्धत इथे खरोखर सरस आहे, हे आधी सांगून टाकतो. प्रोग्रामला एन्ट्रा आयडीत स्वतःची ओळख मिळते, तिला ‘मॅनेज्ड आयडेंटिटी’ म्हणतात. कोडमध्ये गुपित ठेवावं लागत नाही. टोकन मिळतं ते थोड्या वेळापुरतं. भूमिका द्यायची ती पूर्ण खात्यावर, एका डेटाबेसवर किंवा एकाच कंटेनरवर. नुसतं वाचायचं असेल तर ‘डेटा रीडर’, लिहायचंही असेल तर ‘डेटा कॉन्ट्रिब्युटर’. दोन्ही तयार मिळतात, हवी तर आपली वेगळी बनवता येते. माणूस गेला की त्याची भूमिका काढली, झालं.

मग तक्रार कसली? तक्रार अशी, की भूमिका दिल्या म्हणून किल्ल्या आपोआप बंद होत नाहीत. त्यासाठी ‘डिसेबल लोकल ऑथ’ ही वेगळी सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. पुढच्या दाराला नवं कुलूप आणि परसदार उघडं, असा हा प्रकार. आणि अहवालात मात्र ‘आम्ही ओळख-आधारित प्रवेशाकडे गेलो’ असं लिहून मोकळे! हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं, कारण धोका तसाच राहतो आणि वर निर्धास्तपणा येतो.

दुसरी गोम नावांत आहे, आणि इथे जरा थांबू या. अ‍ॅझुरच्या भूमिका दोन पातळ्यांवर चालतात: एक खातं सांभाळण्याच्या, दुसऱ्या आतला डेटा हाताळण्याच्या. सांभाळण्याच्या पातळीवर कोणाला ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलं, तर त्याला डेटाची एकही भूमिका न देता तो किल्ल्या मागवू शकतो. म्हणजे सगळा डेटा त्याचा. ‘कॉसमॉस डीबी अकाउंट रीडर’ हे नाव तर किती निरुपद्रवी वाटतं, पण त्या भूमिकेलाही वाचण्याच्या किल्ल्या मिळतात. खातं सांभाळायचं पण डेटाला हात लावायचा नाही, अशा माणसासाठी ‘कॉसमॉस डीबी ऑपरेटर’ आहे. त्याला किल्ल्या मिळत नाहीत. हा फरक नावावरून ओळखून दाखवा बघू! कागदपत्रांत लिहिलंय हे उत्तर पुरेसं नाही. अधिकाराचं नाव अधिकाराइतकंच बोलकं हवं.

भूमिकेची मर्यादाही लक्षात घ्या. ती कंटेनरपाशी थांबते. एकाच कंटेनरमधल्या काही नोंदी एकाला दाखवायच्या आणि दुसऱ्याला नाही, हे तिला जमत नाही. ते प्रोग्रामलाच सांभाळावं लागतं. एखाद्या दवाखान्याच्या नोंदी तिथे असतील, तर कोणत्या डॉक्टरने कोणता पेशंट पाहावा हे डेटाबेसची भूमिका ठरवत नाही.

किल्ल्या एकदम बंद केल्या तर जुनी स्क्रिप्ट, रात्री चालणारा रिपोर्ट, कोणीतरी कधी जोडलेलं टूल, सगळं अडकतं, म्हणून लोक कचरतात. भीती खोटी नाही. पण आधी किल्लीने कोण येतंय ते नोंदींत शोधा, एकेकाला भूमिका द्या, मग सेटिंग बदला. आणि ती बदलल्यावर अ‍ॅझुर पॉलिसीही लावा, कारण ‘कॉन्ट्रिब्युटर’ असलेला माणूस ती सेटिंग गुपचूप परत फिरवू शकतो.